सोलापुरात कमी पैशांत शूटिंग: युनिटचा रोज, प्रवास आणि मुक्काम कसा भागवायचा

सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास सोलापुरात येते. हॉटेलची खोली मिळते दुपारी बाराला. मधल्या पाच तासांचा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, हे पहिल्या लघुपटाच्या वेळी मला ठाऊक नव्हतं. अकरा माणसं, पंधरा-वीस बॅगा, दोन लाइट स्टँड आणि झोपमोड झालेला एक साउंडवाला असा लवाजमा स्टेशनबाहेर बसून राहिला. आधी चहा झाला, मग नाश्ता झाला, मग कॉस्च्युमवाल्या ताईंनी विचारलं, "दादा, तोंड कुठं धुवायचं?" शेवटी पाच खोल्यांचं अर्ध्या दिवसाचं जादा भाडं भरलं. पहिला शॉट लागायच्या आधी त्या दिवसाचे पैसे संपले होते. लेन्स कुठली घ्यायची यावर मात्र मी तीन आठवडे घालवले होते.

लघुपट, सिरीजचा एखादा भाग किंवा दहा-बारा दिवसांत उरकायचा छोटा चित्रपट, असं काही पहिल्यांदा करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सोलापूर माझं गाव आहे, म्हणून उदाहरणं इथलीच. माझं म्हणणं एकच आहे. माणसांचं जाणं-येणं, राहणं, खाणं आणि रोज (म्हणजे दिवसाची मजुरी) हे पैसे आधी बँकेत बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यात कॅमेरा बसवायचा. बहुतेक जण याच्या उलट करतात आणि आठव्या दिवशी मामाला फोन लावतात. मीही लावला होता.

पायरी पहिली: आधी दिवस मोजा

स्क्रिप्ट घ्या आणि प्रत्येक सीनपुढे ठिकाण, दिवस की रात्र, आणि कोण कोण लागणार ते लिहा. नंतर सीन कथेच्या क्रमानं न लावता ठिकाणांच्या क्रमानं लावा. सकाळी अशोक चौकातली गल्ली, दुपारी होटगी रोडचा बंगला, संध्याकाळी मोहोळकडचं शेत असा दिवस कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात सामान चढवण्या-उतरवण्यातच चार तास जातात. दिवसाला एक ठिकाण, फार तर एकमेकांजवळची दोन, एवढंच धरा. शहरातल्या एकाच वाड्यात घर, शाळेची खोली आणि पोलीस चौकी असे तीन सेट लागत असतील, तर आर्टवाल्याला दोन पैसे जास्त द्या. ते गाडीच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडतात.

लहान मुलं काम करणार असतील तर दिवसांचं गणितच बदलतं. ज्या जिल्ह्यात शूटिंग होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकायचा असतो. मुलाबरोबर आई किंवा वडील येणार, म्हणजे एक तिकीट, एक ताट आणि एक गादी वाढली. मोठ्यांच्या बळावर सहा दिवसांत होणारं काम मुलांबरोबर आठ दिवस घेतं, हे आधीच मान्य करा.

भुईकोट किल्ल्यासारखी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली जागा, रेल्वे स्टेशन किंवा नान्नजचं माळढोक अभयारण्य स्क्रिप्टमध्ये असेल, तर त्याची परवानगी स्थानिक ओळखीवर मिळत नाही. वेळ लागतो, फी लागते, आणि परवानगी लांबली की आलेलं युनिट लॉजवर बसून खातं. पहिल्या कामात अशी जागा टाळलेली बरी. शासकीय जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीची, म्हणजे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. अर्ज तिथून करा. खेड्यात ग्रामपंचायतीचं पत्र आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवणं, एवढं तरी हवंच.

पायरी दुसरी: एका माणसाचा एक दिवस कितीला पडतो

हा आकडा हातात आला की निम्मे निर्णय आपोआप होतात. मी त्याला 'माणूस-दिवस' म्हणतो. त्यात मानधन धरायचं नाही. माणूस फक्त तिथं असण्याचा खर्च मोजायचा. खालचे दर नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या महिन्याचे घाला.

पुण्याहून एक असिस्टंट आणायचाय. शूटिंग १० दिवस, येण्या-जाण्याचे २ दिवस, म्हणजे १२ दिवस आणि ११ रात्री. दोघांत एक खोली १,४०० रुपयांची, त्याचा वाटा ७०० धरून ११ रात्रींचे ७,७००. चहा, नाश्ता आणि दोन जेवणं मिळून दिवसाला ३५०, बारा दिवसांचे ४,२००. गावातल्या गाडीत त्याचा वाटा दिवसाला २००, दहा दिवसांचे २,०००. येण्या-जाण्याचं तिकीट ८००. सगळे मिळून १४,७००. त्याच्या मानधनाचा एक रुपयाही यात नाही.

आता त्याच जागी सोलापूरचा मुलगा घ्या. दहा दिवसांचं जेवण ३,५०० आणि गाडीत पेट्रोल घालायला दिवसाला १०० प्रमाणे १,०००. एकूण ४,५००. एका माणसामागे १०,२०० वाचले. अशी पाच माणसं इथली घेतली तर ५१,००० होतात. छोट्या फिल्ममध्ये हा दीड-दोन दिवसांच्या शूटिंगचा पैसा असतो.

या कोष्टकात नवखे लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. पहिली, प्रवासाचा दिवस. माणूस गाडीत बसलाय म्हणजे तो दुसरीकडे कमवत नाही. त्या दिवसाचा अर्धा रोज द्यायचा की पूर्ण, हे आधी बोला. मी अर्धा देतो, आणि रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी कामावर उभं केलं तर पूर्ण. दुसरी, सामानाबरोबर येणारी माणसं. कॅमेरा भाड्यानं घेतला की त्याच्यासोबत अटेंडंट येतो, लाइट घेतले की लाइटमन येतात, जनरेटरबरोबर ऑपरेटर येतो. कोटेशनमध्ये फक्त सामानाचं भाडं मोठ्या अक्षरांत असतं. त्यांचा रोज, तिकीट, खोली आणि ताट तुमच्याच खिशातून जातं. बारा जणांचं युनिट म्हणून निघालात की स्टेशनवर सतरा जण उतरतात, ते असे.

पायरी तिसरी: बाहेरून कोण, इथलं कोण

माझ्या यादीत बाहेरून येणारे साधारण हे असतात: छायाचित्रकार आणि त्याचा एक भरवशाचा माणूस, सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच आवाज टिपणं) असेल तर साउंडवाला, पहिला असिस्टंट आणि मुख्य कलाकार. मेकअपचा माणूस भूमिकेवर अवलंबून. बाकी सगळं सोलापुरात मिळतं, फक्त त्याला फिल्मचं नाव नसतं.

जनरेटर, केबल, खुर्च्या, कूलर, ताडपत्री ही सगळी मंडपवाल्याची दुनिया. त्याच्याकडची इलेक्ट्रिशियनची पोरं गणपतीत आणि लग्नात रात्र-रात्र उभी असतात. लाइटमनच्या हाताखाली ती उत्तम चालतात, फक्त 'आवाज नको' हे पहिल्या दिवशी दहा वेळा सांगावं लागतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडून डेटा उतरवून घ्यायला, बॅटऱ्या सांभाळायला हुशार मुलगा मिळतो. अभिनयासाठी हौशी रंगभूमी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघांतले लोक तालमीला वेळेवर येतात, आणि पाठांतर चोख असतं. नोकरी सांभाळून नाटक करणारे आहेत, म्हणून त्यांचे सीन शनिवार-रविवारी लावा. तेवढ्यावर ते आनंदानं येतात. कपड्यांसाठी पुण्याहून ट्रंका आणू नका. सोलापुरात शाळेच्या आणि कामगारांच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे. पोलीस, वॉचमन, नर्स, विद्यार्थी असे कपडे इथं शिवून घेणं भाड्यानं आणण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं.

इथला एक माणूस मात्र पूर्ण पैसे देऊन नेमा, ज्याला मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड येतं. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत आजी कन्नडमध्येच शिव्या देते. जागेचं भाडं, गर्दी आवरणं, शेजाऱ्याचा मिक्सर बंद करायला सांगणं ही कामं त्यांच्या भाषेत बोललं की पाच मिनिटांत होतात. पुण्याचा प्रॉडक्शन मॅनेजर तेच काम पाचशेची नोट दाखवून करतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली पाचशे मागते.

इथल्या माणसाला 'संधी देतोय' म्हणून फुकट राबवू नका. बाहेरच्या असिस्टंटला जो रोज देता तोच त्याच कामासाठी इथल्याला द्या. तुमची बचत राहण्या-खाण्यात आधीच झाली आहे. मजुरीत पुन्हा कापाकापी केली की चौथ्या दिवशी मुलगा येत नाही आणि फोनही उचलत नाही. त्यात त्याची चूक नसते.

पायरी चौथी: तारखा

सोलापुरात खोलीचा दर कॅलेंडर ठरवतं. जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, शहर भरलेलं असतं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवरच्या गाड्या आणि लॉज विसरा. दत्तजयंती, गुरुपौर्णिमेला अक्कलकोट भरतं, नवरात्रात तुळजापूर. कोजागिरीच्या आसपास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर चालत जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. त्या दिवशी तिकडं शेड्यूल लावणारा माणूस एकदा भेटला होता. बिचारा अर्ध्या वाटेतून परत आला.

एप्रिल-मेमध्ये खोल्या मिळतात, पण पारा ४० च्या वर जातो. दुपारी बारा ते चार कॅमेरा आणि माणूस दोन्ही काम करत नाहीत. सकाळी सहा ते अकरा आणि चार ते सात असे तुकडे करावे लागतात, म्हणजे दिवस वाढतात आणि पाण्याच्या जारचा खर्च दुप्पट होतो. जुलै-ऑगस्टबद्दल लोक उगाच घाबरतात. हा कमी पावसाचा जिल्हा आहे, कोकण-मावळ धो-धो भिजत असताना इथं नुसतं आभाळ येतं, आणि तो ढगाळ उजेड चेहऱ्यांवर सुरेख पडतो. सप्टेंबरमध्ये मात्र सांभाळून. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तमच, शिवाय हुरडा असतो, पण लग्नसराईही असते. माझी पसंती जुलैचा उत्तरार्ध.

पायरी पाचवी: माणसं रेल्वेनं, सामान टेम्पोनं

पुणे-सोलापूर रस्ता साधारण २५० किलोमीटर, मुंबईहून ४०० च्या आसपास. नवख्यांना वाटतं, एक टेम्पो ट्रॅव्हलर करू, सगळे गात-गात जाऊ, गाडी शूटिंगलाही वापरू. हिशोब बघा. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर लावतात, बहुतेक ३००. गाडी वाड्यासमोर लिंबाखाली उभी राहिली तरी ३०० लागतात. किलोमीटरला २४ रुपये धरले तर दहा दिवसांचे ७२,००० झाले. वर ड्रायव्हरचा भत्ता, त्याचा मुक्काम आणि टोल. एवढ्या पैशांत इथली एक मोठी गाडी आणि एक छोटा हत्ती (छोटा टेम्पो) दहा दिवस ठेवून वर काही उरतं. इथल्या ड्रायव्हरला रात्री घरी जाता येतं आणि बोळही ठाऊक असतात.

म्हणून माणसं रेल्वेनं आणा. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी निघून रात्री दहाच्या सुमारास पोहोचते. लोक जेवून झोपतात आणि सकाळी कामाला लागतात. मुंबईहून सिद्धेश्वर. तिचं येणं सकाळचं असल्यामुळे आदल्या रात्रीपासून निदान दोन खोल्या घेऊन ठेवा, पाळीपाळीनं आंघोळी होतात. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही आहे. तिकीट महाग, पण ती रात्रीच पोहोचवते. वयस्क कलाकाराला मी तिनंच आणतो.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, तेव्हा दहा-बारा जणांची दोन-तीन तिकिटं काढावी लागतात. ऑनलाइन काढलेलं तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. आणि तिकीट नावाचं असतं. ऐन वेळी असिस्टंट बदलला तर जुन्याच्या तिकिटावर नवा येऊ शकत नाही. म्हणून ज्यांचं नक्की त्यांचं आधी काढा. डळमळीत माणसाचं तिकीट त्यानं उचल घेतल्यावरच काढा.

शयनयान आणि थ्री-टियर एसीत माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. कपड्यांच्या आणि मेकअपच्या पेट्या त्यात वाटून देता येतात. कॅमेरा, लाइट आणि स्टँड मात्र टेम्पोनं, आणि टेम्पोत कॅमेरा अटेंडंट बसलेला. सामानाची यादी दोन प्रतींत करा, निघताना आणि पोहोचल्यावर खूण करा. टेम्पोवाल्याशी बोलताना 'जाऊन-येऊन' की 'एकेरी' हे स्पष्ट करा. एकेरी म्हटलं तरी परतीची रिकामी फेरी तो दरात धरतोच. पुणे-सोलापूर वाटेवर पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार टोल आहेत. २४ तासांच्या आत परतलं तर परतीचा टोल कमी लागतो, म्हणजे सामान उतरवून टेम्पो लगेच सोडलेला बरा.

गाणं किंवा एखादा सीन विजापूरकडं घ्यायचा असेल तर अंतर फक्त शंभरेक किलोमीटर आहे, पण राज्य बदलतं. गाडीला कर्नाटकाचा परमिट आहे का, हे निघण्याआधी विचारा.

गावातल्या फेऱ्यांसाठी रोज रात्री एक कागद काढा: कोणती गाडी, किती वाजता, कोणाला, कुठून घेणार. रात्री उशिरा पॅक-अप झालं तर मुलींना घराच्या किंवा लॉजच्या दारापर्यंत सोडण्याची गाडी बजेटात वेगळी धरलेली असावी. 'रिक्षा करून जा' हे उत्तर चालणार नाही.

पायरी सहावी: मुक्काम

चांगलं हॉटेल सगळ्यांना परवडत नाही, आणि गरजही नसते. पण कलाकारांना एसी आणि लाइटमनना माळ्यावर सतरंजी असं केलं की त्याचा राग तिसऱ्या दिवशी कामात दिसतो. मधला मार्ग मंगल कार्यालय. लग्नतिथी नसलेल्या दिवसांत कार्यालयं मोकळी असतात. वर-वधूपक्षाच्या खोल्या, सामानाला हॉल, स्वयंपाकघर, गाड्यांना जागा आणि मागं जनरेटर, सगळं एका आवारात मिळतं. सुट्टीत कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर तेही बघा.

जागा बघताना गादीच्या आधी पाणी बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी येईल असं धरून चालू नका. टाकी किती लिटरची, बोअर आहे का, टँकर लागला तर पैसे कोणाचे, हे ठरवून घ्या. वीस माणसं सकाळी एकाच तासात आंघोळ करतात. बाथरूम किती हाही प्रश्न खर्चाचाच आहे: दोन बाथरूमवर वीस माणसं म्हणजे कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) एक तास पुढे.

अंथरूण-पांघरुणाचं सांगायला नको. सोलापुरात युनिटसाठी चादरी विकत घ्याव्या लागल्या तर प्रॉडक्शन मॅनेजर बदला.

आणि फुकट मिळालेली जागा लेखी घ्या. एकदा ओळखीच्या एका लॉजमालकांनी आठ खोल्या 'तुमच्याच समजा' म्हणून दिल्या. सहाव्या दिवशी एक वऱ्हाड आलं. आम्ही शेतातून परतलो तेव्हा आमच्या बॅगा व्यवस्थित रचून रिसेप्शनशेजारी ठेवलेल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, त्याला रोख गिऱ्हाईक आलं होतं. तेव्हापासून मी फुकटच्या खोलीचंही निम्मं भाडं देतो आणि तारखा लिहिलेली पावती घेतो.

पायरी सातवी: जेवण

यात काटकसर करायची ती पदार्थांच्या संख्येत करा. वेळ आणि पोटभर वाढणं यात कमी पडू नका. घरगुती मेसशी माणशी दर ठरवा आणि आकडा आदल्या रात्री कळवा. अंदाजे 'पंचवीस पाठवा' म्हणण्यात रोज चार-पाच ताटं वाया जातात. शेतावर शूटिंग असेल तर कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि एक पातळ भाजी एवढं पुरतं. कडक भाकरी दुपारपर्यंतच काय, आठवडाभर टिकते. मात्र बाहेरच्यांना पहिल्याच दिवशी इथलं तिखट वाढू नका. पोट बिघडलेला फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा) फार महागात पडतो. श्रावणात आणि एकादशीला उपवासवाले मोजून ठेवा.

पायरी आठवी: हे पैसे आणायचे कुठून

आता खरा प्रश्न. शासनाच्या अनुदानाचा विचार या टप्प्यावर डोक्यातून काढा. मराठी चित्रपटांचं अनुदान चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळून, समितीनं दर्जा ठरवल्यावरच्या गोष्टी आहेत. त्यातून लाइटमनचा आजचा रोज निघत नाही.

पहिला पैसा तुमचा आणि तुमच्या जवळच्यांचा. त्याला सरळ आकडा लावा. 'हवी तेवढी मदत करा' म्हटलं की कोणी काही देत नाही. 'एका माणसाचा एक दिवस १,४०० रुपयांचा पडतो, तुम्ही दोन दिवस उचलता का' असं विचारलं की मास्तरसुद्धा २,८०० देतात. मी नावांची यादी करून, कोणी कोणाचे किती दिवस उचलले ते लिहितो आणि पडद्यावर शेवटी सगळ्यांची नावं देतो. ओळखीबाहेरच्या लोकांकडून 'दुप्पट करून देतो' म्हणत पैसे मात्र घेऊ नका. असा ठेवी गोळा करण्याचा प्रकार २०१९ च्या कायद्यानं गुन्हा ठरतो. देणगी ती देणगी, उसने ते उसने, आणि भागीदारी असेल तर स्टँप पेपरवर करार.

दुसरा मार्ग वस्तूरूपाचा. सोलापूरचा व्यापारी रोख द्यायला दहा वेळा विचार करतो, पण स्वतःच्या दुकानातली वस्तू द्यायला मोकळा असतो. टॉवेल-चादरीचा कारखानदार अंथरूण देईल, ट्रॅव्हल्सवाला स्टेशनपर्यंतच्या फेऱ्या, पाणीवाला जार, मंडपवाला कूलर. प्रत्येकाकडे जाताना आपल्या कोष्टकातली एकच ओळ घेऊन जा आणि बदल्यात काय देणार ते त्याच भेटीत सांगा: पडद्यावर नाव, दुकानासमोरचा एखादा शॉट, शूटिंगचे फोटो. लोकप्रतिनिधींकडेही जातात लोक. मी जात नाही, कारण मग मुहूर्ताला पन्नास माणसांचा नाश्ता आपल्याच अंगावर पडतो.

तिसरा मार्ग मानधन पुढं ढकलण्याचा. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि फिल्ममध्ये खरोखर भागीदार असलेला छायाचित्रकार, यांचेच पैसे पुढं ढकला. किती, कधी आणि फिल्म विकली गेली नाही तर काय, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या करा. स्पॉटदादा, लाइटमन, ड्रायव्हर, मेकअपचा हेल्पर, गर्दीतली माणसं यांचे पैसे पुढं ढकलता येत नाहीत. ज्याचं घर रोजावर चालतं त्याला त्याच दिवशी संध्याकाळी पैसे मिळाले पाहिजेत. तेवढे नसतील तर दिवस कमी करा.

राखीव किती ठेवायचं? पुस्तकांत दहा टक्के सांगतात. मी टक्के धरत नाही, पूर्ण युनिटचा एक जादा दिवस धरतो: सगळ्यांचा रोज, खोल्या, ताटं, गाड्या आणि कॅमेऱ्याचं भाडं. कारण छोट्या फिल्ममध्ये जे बिघडतं त्यानं शेवटी एक दिवसच वाढतो.

पायरी नववी: लिहून ठेवणं

प्रत्येकाला निघण्याआधी एक साधं पत्र द्या, मोबाइलवर पाठवलं तरी चालेल. त्यात रोज किती, किती तासांचा, जादा तासांचं काय, प्रवासाच्या दिवसाचं काय, तिकीट कुठल्या वर्गाचं, खोली किती जणांत, पैसे कधी, एवढं असावं. 'आपलाच माणूस आहे' म्हणून जे लिहीत नाही, त्यावरच नंतर भांडण होतं. युनिटचा अपघात विमा काढा. दहा-पंधरा दिवसांचा गट विमा फार महाग नसतो, आणि जनरेटरच्या वायरीशी रोज खेळ असतो.

कामाच्या हिशोबाला वेगळं बँक खातं ठेवा. रोखीबद्दल एक नियम लक्षात असू द्या: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च धंद्याचा म्हणून मान्य होत नाही. वाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. कंपनी किंवा भागीदारी फर्मच्या नावानं काम करत असाल तर टीडीएसही (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो, म्हणून पॅन क्रमांक पहिल्याच दिवशी गोळा करा. बाकी सीएला विचारा. त्याची फी दंडापेक्षा कमी असते.

किरकोळ खर्चाची पेटी एकाच माणसाच्या हाती द्या, आणि तो माणूस दिग्दर्शक नसावा. रोज ठरावीक रक्कम, रात्री व्हाउचर आणि उरलेले पैसे परत. ज्या खर्चाला पावती नाही, जसं की हमाल, नारळ, गल्लीतल्या पोरांना कुल्फी, त्याला साध्या कागदावर सही घ्या. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं वही बघा: आज ठरलं होतं किती, गेलं किती. तिसऱ्या दिवशी फरक दिसला तर सीन कापायला वेळ असतो. आठव्या दिवशी दिसला तर नसतो.

शेवटच्या दिवसाची पाकिटं आदल्या रात्री नावं घालून भरून ठेवा आणि पॅक-अपच्या आधी वाटा. नंतर सामान चढवण्याच्या गडबडीत कोणी ना कोणी राहून जातो. मुंबईचे लोक सिद्धेश्वरनं जाणार असतील तर ती सोलापुरातून रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते. खोल्या सकाळीच सोडा, बॅगा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ठेवा, एक रात्र वाचते. जेवण आठला वाढा, गाडी साडेनऊला दारात हवी. पुण्याच्यांची हुतात्मा सकाळी साडेसहाच्या सुमारास आहे, त्यांच्या खोल्या ठेवा आणि मेसवाल्या काकूंना आधी सांगून शेंगा चटणीच्या पुड्या बांधून घ्या. त्या पुड्यांचा खर्च 'इतर' मध्ये लिहायचा.